झाड आधी की गव्हाणी आधी?

चांदणी_टांगणारी
डिसेंबर उजाडला की मी माळ्यावरून खोकी काढते आणि दरवर्षी कुणीतरी ऐकवतंच, "सजावट छान, पण यात येशू कुठाय?" यंदा एका नातलगाने मी झाड उभं करत असतानाच विचारलं. (तो खुर्चीत बसून होता, हेही नमूद करते.) मला ही तयारी आवडते. दिव्यांच्या माळांचा गुंता सोडवणंसुद्धा आवडतं, आणि त्यामुळे माझी श्रद्धा पातळ होते असं मला वाटत नाही. देव देह धारण करून आला, हाच तर सणाचा गाभा ना? मग हातांनी, कागदाने, गवताने केलेली भक्ती हलकी कशी? असिसीच्या संत फ्रान्सिसनी 1223 मध्ये इटलीतल्या ग्रेच्चो गावात गवत, बैल, गाढव आणून गव्हाणी, म्हणजे येशूच्या जन्माचा देखावा, उभी केली, ती लोकांना येशूचं जन्मगाव बेथलेहेम डोळ्यांनी दिसावं म्हणूनच.

जुना_वेदीसेवक
असहमत. फ्रान्सिसचं उदाहरण तुमच्यावरच उलटतं. त्या गव्हाणीपाशी मिस्सा (चर्चची मुख्य उपासना) झाली, त्यांनी स्वतः शुभवर्तमान (बायबलमधली येशूची कथा) गायलं. आपली गव्हाणी फोटोपुरती. मुळात डिसेंबर म्हणजे नाताळ नव्हे. आधीचे चार रविवार आगमनकाळाचे. वेदीवर जांभळा रंग असतो, तो पश्चात्तापाचा आणि वाट पाहण्याचा. आपण महिनाभर सण उरकून घेतो आणि 26 तारखेला झाड उतरवतो. नाताळकाळ तर तेव्हा कुठे सुरू झालेला असतो! 26 ला संत स्तेफनाचं हौतात्म्य, 28 ला बाळ येशूच्या शोधात हेरोद राजाने मारलेल्या बालकांचं स्मरण, 6 जानेवारीला ज्ञानी लोक बाळाच्या भेटीला आल्याचा, म्हणजे प्रकटीकरणाचा सण. गव्हाणीत आपण मेंढरं हौसेने मांडतो, हेरोदाचे शिपाई कुणी मांडत नाही.

पाच_शिलिंग
हा आग्रह कुठवर जातो ते माझ्या नावात आहे. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधल्या प्युरिटनांनी, म्हणजे कर्मठ प्रोटेस्टंटांनी, 1659 मध्ये नाताळ पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड ठरवला, तो 1681 पर्यंत टिकला. त्यांच्या तर्कात खोट नव्हती बरं का. शुभवर्तमानात जन्माची तारीख नाहीच. 25 डिसेंबरची रोममधली नोंद 336 सालापर्यंतच मागे जाते. बैल आणि गाढव लूकच्या शुभवर्तमानात नाहीत, ते जुन्या करारातल्या यशया संदेष्ट्याच्या पहिल्या अध्यायातून गव्हाणीत शिरले. ज्ञानी लोक तीनच होते असं मत्तय तरी आपल्या शुभवर्तमानात कुठे म्हणतो? भेटी तीन, एवढंच. शुद्ध करायला बसलात तर हाती काय उरेल ते आधी मोजा.

जुना_वेदीसेवक
बंदी मागतंय कोण? आधी वाट पाहा, मग साजरं करा, एवढंच म्हणतोय.

चोविसाची_पेंग
तुमच्या वादात एक गोष्ट राहिली. तयारी करतं कोण? आमच्या घरी मी, एकटी. 24 च्या रात्री उपासनेत मी बसल्या जागी पेंगत असते आणि ज्यांनी काडी हलवली नाही ते तल्लीन. वर मार्था-मरियेची गोष्ट (मार्था कामात गुंतलेली, बहीण मरिया येशूचं ऐकत बसलेली) मलाच ऐकवतात. येशूने मार्थेला समजावलं खरं, पण मदतीला नकार देण्याचा परवाना बाकीच्यांना दिल्याचं माझ्या वाचनात नाही. अर्थ विसरला जातो तो सजावटीने नाही, दमणुकीने.

चांदणी_टांगणारी
+१. वरच्या खुर्चीचा संदर्भ लक्षात आला असेलच.

बिनदेवाचा
मी ख्रिस्ती नाही, कुठलाच देव मानत नाही. दिवे आवडतात म्हणून लावतो. माझ्यावरही आक्षेप आहे का?

जुना_वेदीसेवक
दिव्यांवर नाही. मात्र "अर्थबिर्थ काही नसतो, ही निव्वळ सुट्टी" असं म्हणालात तर आहे. उतारशाळेत जागा न मिळालेल्या जोडप्याची, येशूच्या आईवडिलांची, ही गोष्ट आहे, तेवढी माहीत असू द्या.

चांदणी_टांगणारी
@बिनदेवाचा, बाळाला पाहायला आलेल्या मेंढपाळांकडे कुणी श्रद्धेचा दाखला मागितल्याचं लूक सांगत नाही. खुशाल या.
@जुना_वेदीसेवक, क्रमाचं पटलं, थोडंसं. यंदा गव्हाणी रिकामी मांडते, बाळ 24 च्या रात्रीच ठेवेन. ज्ञानी लोक खोलीच्या दुसऱ्या टोकाला, रोज थोडे पुढे सरकवत 6 जानेवारीला पोहोचवेन आणि झाड तोवर उतरवणार नाही. पण ते लागणार 1 डिसेंबरलाच. शिपायांचं मात्र जमेलसं वाटत नाही.

जुना_वेदीसेवक
चालेल. आणि ते खुर्चीतले गृहस्थ?

चांदणी_टांगणारी
त्यांच्या हाती दिव्यांची माळ दिली आहे. तासभर झाला, अजून पहिलीच गाठ.