जुन्या फॉन्टमधल्या नोंदी कोहामध्ये कशा आणायच्या?

नौपाड्याची ग्रंथपाल:
नमस्कार मंडळी, ठाण्यात एका सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल आहे. आमच्या पुस्तकांच्या सगळ्या नोंदी जुन्या सॉफ्टवेअरमध्ये, त्याही युनिकोडच्या (आता सगळ्या कॉम्प्युटरवर चालणाऱ्या अक्षरांच्या पद्धतीच्या) आधीच्या फॉन्टात. आता कोहा हे ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर घ्यायचं ठरलंय पण डेटा बाहेर काढला तर एक्सेलमध्ये नुसती इंग्रजी अक्षरं न् चिन्हं दिसतायत. त्यात कार्यकारी मंडळाला आरएफआयडी (पुस्तकाला चिपचा टॅग लावून मशीनने वाचायची सोय) पण हवंय, वाशीच्या कुठल्याशा कॉलेजात बघून आलेत. मला वाटतं आधी नोंदी नीट व्हाव्यात. परवा एक आजी आल्या, पुस्तकाचं नाव अर्धवट आठवत होतं, कॉम्प्युटरवर काही सापडेना, शेवटी मीच कपाटातून काढून दिलं, दोन्ही हातांनी घेतलं हो त्यांनी. पण मी रिटायर झाल्यावर कोण काढून देणार? कुणी केलंय का हे काम?

घणसोलीकर:
ताई, आम्ही केलंय. कन्व्हर्टरने युनिकोड होतं पण त्यावर विसंबू नका, पहिली वेलांटी आणि रफार हमखास भलत्याच अक्षरावर जाऊन बसतात. आणि सगळ्यात छळलं ते ‘ऱ्या’ने. ‘दऱ्या’ दोन पद्धतींनी टाइप होतं, स्क्रीनवर सेम दिसतं, कॉम्प्युटरला मात्र दोन वेगळे शब्द. एकच पद्धत ठरवा आणि फाइंड-रिप्लेस मारा. लेखकाचं आडनाव आधी की आद्याक्षरं, तेही आत्ताच ठरवा, नंतर फार त्रास होतो.

३० वर्षं देवघेव:
आरएफआयडीच्या टॅगमध्ये मुख्यतः पुस्तकाचा नंबर असतो, बाकी माहिती कॅटलॉगमधूनच येते. कॅटलॉग चुकीचा तर मशीन चुकीचंच पुस्तक पटकन दाखवणार, मंडळाला हे असंच सांगा. शिवाय लोखंडी कपाटं असतील तर धातूजवळ टॅग नीट वाचले जात नाहीत. सध्या बारकोड लावा, पुरतो. कोहा फुकट आहे, २००० साली न्यूझीलंडच्या एका ग्रंथालयात सुरू झालं, माओरीत कोहा म्हणजे भेट. म्हणून वाचलेला पैसा नोंदी तपासणाऱ्या माणसावर घाला. आणि दाखल रजिस्टर (आलेलं प्रत्येक पुस्तक नंबर टाकून लिहितात ते) रद्दीत जाऊ देऊ नका, आमचे अडीचशे घोळ त्यावरूनच सुटले.

नौपाड्याची ग्रंथपाल:
खूप आभार दोघांचे. आत्ताच बघितलं, ‘किनाऱ्या’ आमच्याकडे खरंच दोन प्रकारे आहे, आजींचं पुस्तक त्यातच अडकलं होतं. सोमवारपासून रजिस्टर घेऊन बसते, १ नंबरपासून.