प्रतिसाद: यादीपलीकडची नातीगोती

एकाने विचारलंय की कासच्या सड्यावर (जांभ्या खडकाच्या उघड्या पठारावर) आणि कोयनेच्या जंगलात वनस्पतींच्या किती प्रजाती आहेत ते मोजलं की फरक कळतो, मग त्यांच्या नात्यागोत्याचं काय एवढं? मला नुसती मोजणी पुरेशी वाटत नाही.

सप्टेंबरात कासला पायवाटेच्या कडेला उकिडवं बसून बघा. हातभर ओल्या जागेत सीतेची आसवं आणि दवबिंदू ही दोन इवली रोपं शेजारी शेजारी दिसतात. दोन्ही कीटकभक्षी, कारण जांभ्यावरच्या पातळ मातीत नत्र जेमतेम. पण सीतेच्या आसवांचं गोत टोपली कारवीकडे जातं आणि दवबिंदूचं चक्क राजगिऱ्याकडे! एकाचे मातीतले इवले फुगे सूक्ष्म जीव आत ओढतात, दुसऱ्याच्या पानांवरच्या चिकट केसांना कीटक चिकटतात. लांबच्या दोन घराण्यांनी एकाच अडचणीवर आपापला तोडगा काढलाय. यादीत हे कुठे दिसणार?

डॅनियल फेथ या जीवशास्त्रज्ञाने १९९२ मध्ये प्रजातींऐवजी वंशवृक्षाच्या, म्हणजे कोण कोणापासून कधी फुटलं हे दाखवणाऱ्या आराखड्याच्या, फांद्यांची लांबी मोजायचं माप मांडलं. दोन जागांची तुलनाही तशी करता येते. तेरड्याची एक जात जाऊन दुसरी आली तर यादी बदलते, वंशवृक्षावर फरक किरकोळ. कोयनेच्या जंगलात मात्र जांभूळ आणि अंजनी ही झाडं, दोन्ही एकाच गणातली (जवळच्या कुळांच्या गटातली). सड्यावर गेंदाची छोटी रोपं आणि गवतं, तीही आपसात नातलग. पण जंगलातली जोडी आणि सड्यावरची जोडी यांच्या वाटा फुटून दहा कोटींहून जास्त वर्षं झाली.

सड्यावरचं गोत जंगलापेक्षा इतकं वेगळं, म्हणूनच तिथे खड्डे खणून झाडं लावायच्या गोष्टी ऐकल्या की जीव कळवळतो. गेंदाला लागणारी वीतभर पाणथळ माती नेमकी त्या खड्ड्यात जाते.