मदत हवी आहे: चाकं आत घेतली की हवेत स्पिटफायरची मोटर बंद पडते

माळावरचा_पायलट

दोन रविवार वाया गेलेत, तिसरा घालवायचा नाही म्हणून इथे विचारतोय.

रेडिओवर उडवायचं फोमचं स्पिटफायर आहे, दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश लढाऊ विमानाचं मॉडेल, पंख १२०० मिमी. किट ब्रिटिश रंगात आलं होतं, ते घासून भारतीय हवाई दलाच्या रंगात केलं. दीड महिना रोज रात्री जेवण झाल्यावर बसून केलंय. पक्के पाय काढून इलेक्ट्रिक रिट्रॅक्ट (चाकं आत-बाहेर करणारे पाय) बसवले. टेकऑफ मस्त होतो. चाकं आत घ्यायचा स्विच टाकला की मोटर बंद. दोन-तीन सेकंदांनी आपोआप चालू. पहिल्या वेळी उंची होती म्हणून निभावलं. दुसऱ्या वेळी थेट समोरच्या ज्वारीत गेलं, प्रॉपची दोन पाती गेली आणि स्पिनर चेपला.

जमिनीवर दहा वेळा चाकं आत-बाहेर करून पाहिली, काही होत नाही. म्हणजे ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारा कंट्रोलर) खराब आहे हे नक्की. नवा कुठला घेऊ, ४० अँपियरचा की ६० चा? लवकर सांगा, आमच्याकडे कुरिअरला चार दिवस लागतात.

वॉटमीटर

ईएससी मागवायच्या आधी एवढं सांगा. बॅटरी कुठली? प्रॉप कुठला? सर्व्हो (पंख-शेपटीच्या झडपा हलवणाऱ्या छोट्या मोटरी) एकूण किती? रिट्रॅक्टला वीज कुठून दिली? आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे फक्त मोटर बंद पडते, की त्याच वेळी एलेव्हेटर (शेपटीची झडप) आणि एलेरॉनही (पंखांच्या झडपा) ऐकेनासे होतात?

माळावरचा_पायलट

बॅटरी नवीन आहे, तिचा प्रश्न नाही. प्रॉप किटमधलाच, चार पात्यांचा १०.५ बाय ८, दुसरा तसाच होता तो लावला. रिट्रॅक्ट रिसीव्हरच्या रिकाम्या चॅनेलला, वाय केबलने. एलेव्हेटरचं लक्षात नाही, मोटरचा आवाज गेला की माणूस दुसरं काय बघणार. ४० की ६०?

बाल्सा_आणि_डोप

मी तीस वर्षं बाल्सा (मॉडेलचं हलकं लाकूड) कापतोय, स्पष्ट सांगतो. फोममध्ये रिट्रॅक्ट बसवणं हीच चूक आहे. स्पिटफायरचे पाय मुळात जवळजवळ, चाकं बाहेरच्या बाजूला दुमडतात. खऱ्या विमानालाही जमिनीवर त्याचा त्रास होता. सगळा धक्का फोममधल्या एका प्लायच्या तुकड्यावर येतो, तो हलला की यंत्रणा तिरकी होऊन अडकते. रिट्रॅक्ट काढा, हातातून सोडा, गवतावर पोटावर उतरवा. शंभर ग्रॅम वजन वाचेल. आणि पुढचं विमान बाल्साचं करा.

वॉटमीटर

काका, आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असं होतंय. त्यांची मोटर थांबतेय. पाय ठेवायचे की काढायचे ते नंतर बघू.

बाल्सा_आणि_डोप

यंत्रणा अडकते असं मी म्हटलंय. ते वाचा.

उंच_भरारी

ही मोटरची भानगडच नाही, टिप स्टॉल (पंखाच्या टोकाची उचल संपणं) आहे. चाकं आत घेताना वेग कमी होतो, पंखाचं टोक बसतं, विमान कलतं आणि आपल्याला वाटतं मोटर गेली. लंबवर्तुळाकार पंखाला हे होतंच. मूळ डिझायनर मिचेलच्या टीमने खऱ्या स्पिटफायरचा पंख मुळाशी २ अंश आणि टोकाला उणे अर्धा अंश असा पिळलेला ठेवला तो त्यासाठीच. तुमच्या मॉडेलला असा पीळ आहे का, सपाट टेबलावर पंख ठेवून बघा. एलेरॉन दोन्ही बाजूंना दोन मिमी वर ठेवून उडवा.

माळावरचा_पायलट

मोटर बंद पडल्याचा आवाज मी ऐकला, आम्ही तिघांनी ऐकला. टिप स्टॉल नाही.

कटऑफ

लो व्होल्टेज कटऑफ लागतोय. टेकऑफला फुल थ्रॉटल, वरून रिट्रॅक्टचा भार, व्होल्टेज खाली जातं आणि ईएससी मोटर तोडतो. माझ्या मस्टँग मॉडेलला असंच होत होतं. कटऑफ सॉफ्टवर टाका किंवा जास्त सी रेटिंगची (जास्त करंट देऊ शकणारी) बॅटरी घ्या. मी बॅटरी बदलली आणि प्रश्न संपला.

वॉटमीटर

बॅटरी भरलेली, उड्डाणाचं पहिलं मिनिट, आणि बरोबर स्विच टाकला की होतं. शिवाय बऱ्याच ईएससीत कटऑफ लागल्यावर थ्रॉटल खाली आणल्याशिवाय मोटर परत येत नाही. इथे आपोआप येते. मला कटऑफ वाटत नाही.

धागाकर्ते, बॅटरी नवीन म्हणजे किती सेलची?

माळावरचा_पायलट

फोर-एस, म्हणजे चार सेलची, २२००. आधीची थ्री-एस होती, ती फुगली. मोटरवर ३ ते ४ सेल असं छापलंय, म्हणून सांगायची गरज वाटली नाही.

वॉटमीटर

हेच पहिल्या पोस्टमध्ये हवं होतं. आता नीट वाचा, दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पहिली. तोच प्रॉप ठेवून सेल वाढवला की करंट जवळपास व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात चढतो. ११.१ चे १४.८ झाले म्हणजे पावणेदोन पट. थ्री-एसवर ३० अँपियर ओढत असेल तर फोर-एसवर ५० च्या पुढे. मोटरवरचं "४ सेल" हे लहान प्रॉपसाठी असतं. तुमचा ४० चा ईएससी टेकऑफलाच भाजून निघतोय.

दुसरी, आणि माझ्या मते खरा दोषी हीच. रिसीव्हर आणि सर्व्होंना ५ व्होल्ट देतो तो ईएससीमधला बीईसी. किटमधल्या ईएससीत तो बहुतेक लिनियर असतो, म्हणजे वरचं व्होल्टेज नुसतं उष्णता करून उडवून टाकतो. भरलेली थ्री-एस १२.६ व्होल्ट. २ अँपियर घेतले तर (१२.६ वजा ५) गुणिले २, साधारण १५ वॉट उष्णता. भरलेली फोर-एस १६.८, तोच भार, साडेतेवीस वॉट. काडेपेटीएवढ्या तुकड्यात, नाकाच्या बंद जागेत. तो तापून स्वतःला बंद करतो, रिसीव्हर मरतो, रिसीव्हर मेला की मोटरही बंद. दोन सेकंदांत थंड होतो, सगळं परत येतं.

तुमचे सर्व्हो मोजा. एलेरॉन २, फ्लॅप २, एलेव्हेटर १, रडर १, असे सहा असतील. त्यात दोन रिट्रॅक्ट.

माळावरचा_पायलट

बरोबर सहा. पण मग जमिनीवर का होत नाही?

वॉटमीटर

जमिनीवर बीईसी थंड होता. मोटर चालू नव्हती, सर्व्होंवर हवेचा दाब नव्हता. तुम्ही फक्त रिट्रॅक्ट तपासलेत, गरम बीईसीवर रिट्रॅक्ट तपासले नाहीत.

कटऑफ

एवढं खात्रीने कसं सांगताय? व्होल्टेज न मोजता हा अंदाजच आहे.

वॉटमीटर

अंदाजच आहे, म्हणून पहिल्याच प्रतिसादात एलेव्हेटरचं विचारलं होतं. एलेव्हेटर चालू असेल तर तुमचं बरोबर, तोही मेला असेल तर माझं. कुणी व्हिडिओ घेतला होता का?

रंगाचा_डबा

विमानाचा फोटो पाहिला. काम सुंदर आहे, पॅनेलच्या रेघा पेन्सिलने काढून वर मॅट मारलंय ना? पण एक चूक राहू नये म्हणून सांगतो. पंखांवर आणि शेपटीवर पांढरे पट्टे दिलेत, आणि खुणेचा गोल केशरी-पांढरा-हिरवा. हे एकत्र येत नाहीत. पांढरे पट्टे ब्रह्मदेशच्या लढाईतले. त्या आघाडीवर जपान्यांच्या लाल गोलाशी गल्लत नको म्हणून ब्रिटिश गोलातला लाल काढला होता, गडद निळ्यात फिका निळा असे. भारतीय हवाई दलाच्या ८ नंबर स्क्वाड्रनला १९४४ मध्ये स्पिटफायर मार्क ८ मिळाली, ती याच खुणांची. स्वातंत्र्यानंतर काही काळ अशोकचक्राचा गोल होता, तिरंगी त्यानंतरचा. एक काळ धरा आणि दुसरं पुसा.

शिवाय तुमचं मॉडेल मार्क ९ चं दिसतंय. मार्क ८ ला शेपटीचं चाकही आत जायचं.

उंच_भरारी

माणसाची मोटर बंद पडतेय आणि तुम्ही गोल मोजताय.

रंगाचा_डबा

दीड महिना रात्री बसून रंगवलंय त्यांनी. ज्याने एवढं केलं त्याला गोल बरोबर हवाच असतो. मोटरवर बोलणारे चार जण आहेत, यावर मी एकटा आहे.

माळावरचा_पायलट

@रंगाचा_डबा, मनापासून आभार, हे माहीत नव्हतं. ब्रह्मदेशचाच काळ धरतो, पट्टे फार मेहनतीने आलेत, ते पुसवणार नाहीत. गोल बदलतो.

@वॉटमीटर, भाचीने मोबाइलवर व्हिडिओ घेतला होता, आत्ता तिच्याकडून मागवला आणि हळू करून पाहिला. स्विच टाकल्यावर डावा पाय सरळ आत जातो. उजवा अर्ध्यावर थांबतो, पंचेचाळीस अंशात लटकतो. त्याच क्षणी आवाज जातो. मी स्टिक ओढलेली मला आठवतेय, पण एलेव्हेटर हलत नाही. मग मोटर येते आणि उजवा पायही उरलेला आत जातो. ज्वारीतून उचललं तेव्हा रिसीव्हरचा दिवा लुकलुकत होता, एरवी स्थिर असतो.

वॉटमीटर

झालं. वीज जाऊन परत आली की काही रिसीव्हर दिवा तसाच लुकलुकता ठेवतात. आता उजवा पाय का थांबतो ते शोधा. अडकलेला रिट्रॅक्ट मोकळ्या रिट्रॅक्टच्या कितीतरी पट करंट ओढतो.

बाल्सा_आणि_डोप

यंत्रणा अडकते असं मी पाचव्या प्रतिसादाआधीच सांगितलं होतं. विमान उलटं ठेवा, उजवं चाक हाताने आत न्या, टॉर्च मारून खाचेच्या कडा बघा.

नियम_आधी

कुणी विचारलं नाही तरी सांगतो. विमानतळाच्या हद्दीपासून ५ ते ८ किमीमध्ये जमिनीपासूनच परवानगी लागते, ८ ते १२ किमीमध्ये २०० फुटांच्या वर. २०२१ चे ड्रोन नियम आहेत. माळ कुठला ते बघून नकाशा तपासा.

माळावरचा_पायलट

आमच्यापासून विमानतळ खूप लांब आहे, तरी नकाशा पाहतो.

काका, तुमचं बरोबर निघालं. उजव्या खाचेत मी रंगाचे तीन हात दिले होते, शिवाय वर वॉर्निश. मॅट हिरव्या रंगात बाहेरच्या कडेला नखाएवढी एक चकचकीत रेघ पडलीय, चाकाच्या रबराने घासून घासून. डाव्या खाचेत नाही. उजवं चाक हाताने नेताना तिथे टचकन अडतं.

बाल्सा_आणि_डोप

ब्लेडने खरवडू नका, फोम फाटेल. बोटाला १२० नंबरचा सँडपेपर गुंडाळून कड दीड-दोन मिमी मोकळी करा. वॉशर टाकून चाक आत सरकवता आलं तर तेही बघा. आणि रिट्रॅक्टचे स्क्रू हलतायत का ते तपासा. प्लायचा तुकडा सुटला असेल तर तीस मिनिटांचा इपॉक्सी भरा, पाच मिनिटांचा नको.

वॉटमीटर

खाच मोकळी केली म्हणून भागणार नाही. उद्या ढेकूळ अडकलं तर परत तेच. वेगळा स्विचिंग (कमी तापणारा) बीईसी घ्या, ५ व्होल्ट, ५ अँपियर किंवा जास्त. त्याच्या जाड वायरी बॅटरीच्या वायरींना समांतर सोल्डर करा, बारीक प्लग रिसीव्हरच्या रिकाम्या जागी. ईएससीच्या थ्रॉटल प्लगमधली मधली लाल वायर मात्र काढायचीच. सुईने प्लास्टिकची जीभ उचलली की पिन सरकते, तिला हीटश्रिंक घालून मागे दुमडा. दोन बीईसी एकाच रिसीव्हरवर भांडायला नकोत.

आणि ४० च्या ईएससीवर हा प्रॉप लावून फोर-एस वापरू नका. थ्री-एस आणा, नाहीतर ६० चा ईएससी घ्या आणि प्रॉप लहान करा.

कटऑफ

स्विचिंग बीईसीने रेडिओत अडथळा येतो.

वॉटमीटर

जुन्या ७२ मेगाहर्ट्झच्या सेटवर यायचा. २.४ गिगाहर्ट्झवर मला आजवर आला नाही. तरी रिसीव्हरपासून लांब ठेवा, वायरीला फेराइटची कडी घाला.

बाल्सा_आणि_डोप

बॅटरी बदलली की सीजी (विमानाचा तोलबिंदू) परत काढा. थ्री-एस हलकी, नाक हलकं होणार, आणि शेपटीवर रंगाचं वजन आहेच. स्पिटफायरचे पाय बाहेर असले की चाकं पुढे असतात, आत गेली की सीजी मागे सरकतो. म्हणून चाकं आत घेऊन, विमान उलटं धरून तोला.

माळावरचा_पायलट

शनिवार रात्र. खाच मोकळी केली, बीईसी मित्राच्या जुन्या विमानातून काढून आणला, थ्री-एस उसनी. शेपटी दोरीने खांबाला बांधली, समोर आणि प्रॉपच्या रेषेत कुणाला उभं राहू दिलं नाही, मिनिटभर फुल थ्रॉटल आणि लगेच चाकं. मल्टिमीटर रिसीव्हरला लावला होता. जुन्या जोडणीत फोर-एसवर, उजवं चाक मुद्दाम हाताच्या काठीने अडवून, ५.० वरून ३.८ पर्यंत आकडा दिसला आणि सर्व्हो थरथरून गप्प झाले. नव्या जोडणीत तीच काठी, ४.९ च्या खाली आलाच नाही.

वॉटमीटर

साधा मल्टिमीटर एवढा झटपट डुबका पूर्ण दाखवत नाही, ३.८ च्या बराच खाली गेला असणार. सीजी काढला का?

माळावरचा_पायलट

काढला. मॅन्युअलच्या खुणेपेक्षा ७ मिमी मागे होता. नाकात ४० ग्रॅम शिसं घातलं.

रविवार, सकाळी साडेसात. चार उड्डाणं झाली. पहिल्या वेळी आधी उंची घेतली, मोठं वळण घेऊन विमान आपल्या बाजूला आणलं आणि मग स्विच टाकला. दोन्ही पाय एकदम आत गेले, आवाज तसाच. चौथ्या वेळी खालून पास घेतला, पंखांचे पांढरे पट्टे उन्हात दिसले. भाचीने परत व्हिडिओ घेतलाय, टाकतो.

@रंगाचा_डबा, फिका निळा अ‍ॅक्रिलिकमध्ये गडद निळ्यात पांढरा मिसळून चालेल का? चालत असेल तर प्रमाण सांगा, गोल आज रात्रीच करतो.

रंगाचा_डबा

चालेल. पण पांढऱ्यात निळा थेंब-थेंब घाला, उलटं नको. आधी फिका गोल पूर्ण वाळू द्या, मग त्यावर गोल मास्क लावून बाहेरचा गडद मारा.