मदत हवी आहे: सर्च बॉक्समध्ये लिहितो एक, लिस्ट येते दुसऱ्याच शब्दाची (जँगो, पोस्टग्रेस, रिअ‍ॅक्ट)

नमस्कार मंडळी,

गेले तीन आठवडे एकाच पानापाशी अडकलेय, आता खरंच कोणीतरी अनुभवी माणसाने बघावं असं वाटतंय. एका लायब्ररीचं वेब अ‍ॅप एकटीच सांभाळते. मागे सर्व्हरवर जँगो, डेटाबेस पोस्टग्रेस, समोर ब्राउझरमध्ये रिअ‍ॅक्ट. पुस्तकांच्या टेबलात साधारण १ लाख ८० हजार नोंदी आहेत. मुख्य पान म्हणजे पुस्तकांची लिस्ट, एका वेळी ५० पुस्तकं, प्रत्येकासमोर लेखक, विभाग आणि पुस्तक सध्या कोणाकडे आहे ते, वर सर्च बॉक्स. माझ्या लॅपटॉपवर पान झटकन उघडतं, लाइटहाउसमध्ये (पानाचा वेग तपासणारं टूल) परफॉर्मन्स १०० पैकी ९४ येतो, त्यामुळे लायब्ररीतून तक्रारी आल्या तेव्हा मला वाटलं तिकडचं नेट स्लो असेल.

परवा काउंटरवर पुस्तकं देणाऱ्या ताईंच्या शेजारी जाऊन बसले तेव्हा खरं काय होतं ते दिसलं. त्या भराभर "गणित" टाइप करतात, गणिताची पुस्तकं येतात, पहिल्या पुस्तकावर क्लिक करायला जातात तोच लिस्ट बदलते आणि समोर गणपतीची आणि गणराज्याची पुस्तकं, बॉक्समध्ये मात्र "गणित"च लिहिलेलं! दोनदा चुकीचं पुस्तक एखाद्याच्या नावावर चढलंय असं झालं म्हणाल्या. आता त्या टाइप करून झालं की मनात पाच आकडे मोजतात आणि मगच क्लिक करतात, समोर रांग उभी असतानासुद्धा. ते बघून फार वाईट वाटलं, कारण त्यांनी हे निमूटपणे मान्य करून टाकलं होतं.

आतापर्यंत केलेलं: टायटलच्या कॉलमवर इंडेक्स (पटकन शोधता यावं म्हणून डेटाबेस ठेवतो ती सूची) टाकला (फरक शून्य), रिअ‍ॅक्टमध्ये दिसेल तिथे मेमो लावला (न बदललेला भाग परत काढला जाऊ नये म्हणून), मुखपृष्ठांच्या सगळ्या इमेज लेझी लोडिंग केल्या (स्क्रीनवर यायच्या वेळीच लोड होतील अशा). आता सर्व्हरची रॅम वाढवू की रेडिस लावून कॅशिंग करू (आलेली उत्तरं मेमरीत साठवून ठेवू)? नक्की कुठे हात घालावा तेच कळत नाहीये.

प्रतिसाद १

ताई, रॅम आणि रेडिस दोन्ही आत्ता बाजूला ठेवा. चुकीची लिस्ट आणि स्लो लिस्ट हे दोन वेगळे प्रॉब्लेम आहेत आणि पहिला जास्त गंभीर आहे.

तुमचा बॉक्स प्रत्येक अक्षराला एक रिक्वेस्ट पाठवत असणार. "गण" ची रिक्वेस्ट आधी गेली, "गणित" ची नंतर, पण "गण" ला जास्त पुस्तकं जुळतात म्हणून तिचं उत्तर उशिरा आलं आणि आधीच आलेल्या बरोबर लिस्टवर येऊन बसलं. कोड शेवटी आलेलं उत्तर दाखवतोय, त्याला शेवटी विचारलेल्याचं उत्तर दाखवायला हवं. ब्राउझरच्या नेटवर्क टॅबमध्ये थ्रॉटलिंग (नेट मुद्दाम स्लो करणं) लावून भराभर टाइप करा, दोन मिनिटांत तुमच्याच मशीनवर दिसेल.

उपाय: यूज-इफेक्टमध्ये अ‍ॅबॉर्ट-कंट्रोलर बनवा, त्याचा सिग्नल रिक्वेस्ट पाठवणाऱ्या फेचला द्या आणि क्लीनअप फंक्शनमध्ये अ‍ॅबॉर्ट करा. नवीन अक्षर आलं की जुनी रिक्वेस्ट रद्द. रद्द झाल्यावर फेच एरर फेकतो, तो पकडून गप्प सोडून द्या, नाहीतर युजरला उगाच लाल मेसेज दिसेल. पण एक लक्षात घ्या, ब्राउझरने रिक्वेस्ट सोडून दिली तरी सर्व्हरवर क्वेरी (डेटाबेसला विचारलेला प्रश्न) बहुतेक वेळा चालूच राहते, म्हणून सोबत २५० ते ३०० मिलिसेकंदांचा डिबाउन्सही लावा, म्हणजे टाइप करणं तेवढा वेळ थांबल्यावरच रिक्वेस्ट जाईल.

प्रतिसाद २

वरचं बरोबर आहे, मी डेटाबेसचं बोलतो. इंडेक्सचा फरक पडला नाही कारण साधा, नेहमीचा बी-ट्री इंडेक्स फार तर टायटलच्या सुरुवातीपासून शोधायला कामाचा, "मधे कुठेही असेल" अशा शोधाला नाही. त्यासाठी पीजी-ट्रायग्रॅम एक्स्टेन्शन (मजकुराचे छोटे तुकडे करणारा पोस्टग्रेसचा जोडभाग) आणि त्यावर जिन इंडेक्स (त्या तुकड्यांची सूची) लागतो. आणि इथे एक खाच आहे जिच्यात मी स्वतः दोन दिवस घालवलेत: जँगोचा आय-कंटेन्स (लहान-मोठी अक्षरं न बघता मधे कुठेही शोधणारा) पोस्टग्रेसवर कॉलमला अप्पर (सगळी अक्षरं कॅपिटल) लावून मग लाइकने जुळवतो. म्हणजे नुसत्या टायटलवर जिन इंडेक्स बनवलात तर तो वापरलाच जाणार नाही, अप्पर(टायटल) वर बनवावा लागतो. चालू सिस्टिमवर बनवताना कन्करंटली बनवा म्हणजे त्या वेळात नोंदी करणं अडत नाही, मायग्रेशनमध्ये (डेटाबेसमधला बदल करणाऱ्या जँगोच्या फाइलमध्ये) अ‍ॅटॉमिक फॉल्स ठेवायला विसरू नका. आधी आणि नंतर, क्वेरी कशी चालते ते दाखवणारं एक्सप्लेन अ‍ॅनालाइज चालवा, "सेक स्कॅन" लिहून येत असेल तर अख्खं टेबल वाचलं जातंय.

अजून एक, जँगोचा डेटाबेस लॉगर डीबग लेव्हलवर ठेवून (म्हणजे प्रत्येक क्वेरी कन्सोलवर दिसते) पान एकदा उघडा आणि क्वेऱ्या मोजा. लेखक, विभाग आणि कोणाकडे आहे ते, प्रत्येक पुस्तकासाठी वेगळं विचारलं जात असेल अशी मला शंका आहे ;)

धागाकर्ती

मोजल्या. १५२!! एक एकूण संख्येची, एक लिस्टची आणि मग प्रत्येक पुस्तकामागे तीन. कन्सोलमध्ये त्या एकसारख्या ओळी पळताना बघितल्या तेव्हा पोटात गोळाच आला. विभागाला सिलेक्ट-रिलेटेड लावलं (लिस्टच्याच क्वेरीत आणतं), लेखक आणि देवघेवीला प्रीफेच-रिलेटेड (सगळ्या पुस्तकांचं एकत्र एका क्वेरीत आणतं), आता ४ आहेत. माझ्याकडे लोकलला फक्त २ हजार पुस्तकं होती म्हणून हे कधी जाणवलंच नाही, आता पोस्टग्रेसचं जनरेट-सिरीज वापरून २ लाख खोट्या नोंदी भरून घेतल्यात.

अप्परवाला इंडेक्सही लागला, एक्सप्लेनमध्ये बिटमॅप स्कॅन दिसतोय, म्हणजे इंडेक्स वापरला जातोय. पण एकदोन अक्षरांना अजून तसंच रेंगाळतं, ते का? आणि लाइटहाउस ९४ कसं काय देत होतं?

प्रतिसाद २

ट्रायग्रॅम म्हणजे तीन-तीन कॅरेक्टरचे तुकडे, त्याहून छोट्या शोधातून तुकडाच निघत नाही मग इंडेक्सचा उपयोग काय होणार. किमान तीन कॅरेक्टर झाल्याशिवाय रिक्वेस्टच पाठवू नका.

प्रतिसाद ३

लाइटहाउस पान लोड करून मोजतं, तुमच्या बॉक्समध्ये टाइप करत नाही. टाइप केल्यावर पान किती पटकन प्रतिसाद देतं ते आयएनपी (इंटरॅक्शन टू नेक्स्ट पेंट) या मापात कळतं (मार्च २०२४ पासून एफआयडी, म्हणजे फर्स्ट इनपुट डिले या जुन्या मापाच्या जागी तेच आहे, २०० मिलिसेकंदांपर्यंत चांगलं), आणि त्याला खऱ्या माणसांचा खरा वापर लागतो. वेब-व्हायटल्स नावाची छोटी कोड-लायब्ररी आहे, ती लावून काउंटरच्या मशीनवरचे आकडे तुमच्याच सर्व्हरला पाठवा. फक्त आयएनपीत सर्व्हरच्या उत्तराची वाट बघण्याचा वेळ धरला जात नाही, शोधाला लागलेला वेळ वेगळा मोजा. आणि पान उघडताक्षणी वर दिसणाऱ्या इमेजचं लेझी लोडिंग काढा, त्याने त्या उलट उशिरा येतात. खाली स्क्रोल केल्यावर दिसणाऱ्यांना राहू द्या.

धागाकर्ती

सगळं लावून काल परत काउंटरवर जाऊन बसले. ताईंनी "गणित" लिहिलं, थांबल्या, ओठ हलत होते, पाच मोजत होत्या सवयीने. मी म्हटलं आता लगेच क्लिक करा. केलं, बरोबर पुस्तक उघडलं, मग त्यांनी स्वतःहून आठदहा नावं भराभर टाकून बघितली आणि एकदाही लिस्ट उडाली नाही. तिघांचेही मनापासून आभार. ज्या दोन पुस्तकांच्या नोंदी चुकल्या होत्या त्या आज हाताने दुरुस्त करतेय, आणि पुस्तक नावावर चढवायच्या आधी टायटल मोठ्या अक्षरात दाखवून विचारणारा एक डायलॉगही टाकतेय.