पॉलिमर क्लेची परी: मनगट मोडतं आणि पाकळ्या पिवळ्या पडतात, मदत हवी आहे

करवंद:
नमस्कार मंडळी. भाचीसाठी पॉलिमर क्लेची (ओव्हनमध्ये भाजून पक्की होणारी माती) प्राजक्त-परी करतोय, उंची साधारण १५ सेंटिमीटर. प्राजक्ताचं फूल उलटं धरलं की पाकळ्यांचा पांढरा घागरा होतो आणि देठाची केशरी चोळी. ही कल्पना भाचीचीच. चेहरा मनासारखा उतरलाय. घोडं अडलंय ते बेकिंगपाशी.

अंगासाठी सुपर स्कल्पी वापरली आहे, पाकळ्यांसाठी पांढरी प्रीमो (दोन्ही पॉलिमर क्लेचेच प्रकार). आत ॲल्युमिनियमच्या तारेचा सांगाडा, हातांना बारीक तार. डोकं आणि धड भरीव नाही, फॉइलचा घट्ट गोळा करून त्यावर क्लेचा थर दिलाय. घरचा ओटीजी (छोटा विजेचा ओव्हन) १६ लिटरचा. बटण १३० अंशांवर, वेळ १५ मिनिटं, पाकिटावर लिहिल्याप्रमाणे.

बाहेर काढून गार झाल्यावर नुसतं उचलायला गेलो तर उजवा हात मनगटाशी खडूसारखा कटकन मोडला. आतली तार अगदी चकचकीत, तिला क्लेचा कणही चिकटलेला नाही. आणि त्याच परीच्या घागऱ्याच्या वरच्या पाकळ्या पिवळट-तपकिरी झाल्यात! खालच्या मात्र शुभ्र आहेत. म्हणजे एकाच वेळी एक भाग कच्चा आणि दुसरा करपलेला? वेळ वाढवावी तर पाकळ्या जातील, कमी करावी तर हात. काय करू?

शिवाय पंख कशाचे करायचे, आणि बेक करण्याआधी लावायचे की नंतर?

(एअर ड्राय क्लेचा सल्ला कृपया नको. ती वाळताना आक्रसते, इतक्या पातळ पाकळ्यांना तडे जातात.)

शेवंता:
फोटो टाका ना दादा. कल्पना फार गोड आहे.

उंबरठा:
आधी एक खात्री करून घ्या. ऑनलाइन 'पॉलिमर क्ले' म्हणून २४ रंगांची स्वस्त पाकिटं येतात, त्यात बऱ्याचदा हलकी, फोमसारखी, हवेवर वाळणारी क्ले निघते. ती बेक करायची नसतेच.

करवंद:
नाही हो, खरी आहे. महिनाभर उघडी राहिली तरी मऊच होती.

मातीगोटे:
करवंद, मनगट कच्चं राहिलंय यात शंका नाही. पूर्ण बेक झालेली प्रीमो पातळ असेल तर वाकते, कटकन मोडत नाही. सुपर स्कल्पी मुळात थोडी ठिसूळ, त्यामुळे परीच्या बोटांना आणि मनगटांना मी ती एकटी कधीच वापरत नाही, थोडी प्रीमो मळून घालते.

आता वेळेचं. पॉलिमर क्ले म्हणजे पीव्हीसीची पूड आणि तिला मऊ ठेवणारं प्लास्टिसायझर. ती वाळत नाही, उष्णतेने तिचे कण एकमेकांत मिसळून एकजीव होतात. त्याला पुरेसं तापमान लागतं आणि ते आतपर्यंत पोचायला वेळ लागतो. सुपर स्कल्पीच्या पाकिटावर १५ मिनिटं असतात ती दर ६ मिलिमीटर जाडीला. तुमच्या पांढऱ्या प्रीमोला त्याच जाडीला ३० मिनिटं लागतात. दोन्ही एकत्र असतील तर जास्तीची वेळ धरायची. मी परी तासभर ठेवते. पातळ पाकळ्या त्याने जळत नाहीत. करपतं ते तापमान चढल्यामुळे, वेळेमुळे नाही.

तुमच्या वरच्याच पाकळ्या पिवळ्या झाल्या, म्हणजे वरचा रॉड लाल होऊन थेट त्यांच्यावर तापला. लहान ओटीजीत हे हमखास होतं. साधा ओव्हन थर्मामीटर आणा, क्रॉफर्ड मार्केटजवळच्या बेकिंगच्या दुकानांत मिळेल. रिकामा ओटीजी तापवून काटा बघा आणि इथे सांगा.

तारेचं: नागड्या धातूला ही क्ले धरत नाही. तारेला आधी फेव्हिकॉल फासून पूर्ण वाळू द्या, मग त्यावर क्ले चढवा.

परदेशस्थ_पुणेकर:
थोडं अवांतर. फिमो या पॉलिमर क्लेचं मूळ बाहुल्यांच्याच घरातलं आहे. जर्मनीतल्या प्रसिद्ध बाहुलीकार केथे क्रूझ यांच्याकडे १९३९ च्या सुमारास हे द्रव्य बाहुल्यांसाठी म्हणून आलं होतं. कारखान्याच्या कामाला ते काही जमलं नाही, पण त्यांच्या मुलीने, घरात तिला फिफी म्हणत, त्यावर खटपट केली आणि १९६४ मध्ये ते एबरहार्ड फाबर कंपनीकडे गेलं. तेव्हा बाहुलीने त्रास देणं परंपरेला धरूनच आहे :)

बाकी मातीगोटे यांना +१. फिमो वापरलीत तर ती ११० अंशांवर ३० मिनिटं असते, स्कल्पीचे आकडे तिला लावू नका.

करवंद:
थर्मामीटर आणला. बटण १३० वर ठेवलं की काटा १५५ पर्यंत चढतो, मग रॉड बंद होऊन ११५ ला उतरतो, पुन्हा चढतो. असाच झोके घेतो.

मातीगोटे:
मिळालं उत्तर. खालच्या जाळीवर एक जाड सिरॅमिक टाइल ठेवा आणि परी तिच्यावरच बसवा, टाइल उष्णता धरून ठेवते म्हणून चढउतार कमी होतो. २० मिनिटं आधी तापवा. बटण थोडं खाली आणून काटा १२५ ते १३५ मध्ये राहील असं बघा. परीवर फॉइलचा तंबू करा, फॉइल पाकळ्यांना टेकू देऊ नका. झाल्यावर बंद करून आतच गार होऊ द्या, एकदम बाहेर काढलं की मानेपाशी तडा जातो.

तुटलेला हात चिकटवत बसू नका. नवीन तार घालून नवा करा आणि सगळी परी पुन्हा बेक करा, कितीही वेळा करता येते. पिवळ्या पाकळ्यांना ॲक्रिलिकचा पांढरा हात द्या.

मायक्रोवेव्ह मोड अजिबात नको. आणि कधी तापमान फार चढून क्ले काळी पडली तर ओव्हन बंद, खिडक्या उघडा, आपण बाहेर. जळणाऱ्या पीव्हीसीतून हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो.

शेवंता:
पंखांबद्दल मी सांगते. बारीक तांब्याच्या तारेची चौकट वळवायची, वर इंद्रधनुषी चकाकीचा गिफ्ट रॅपचा पातळ कागद ताणून चिकटवायचा. पाठीत कच्चेपणीच सुईने दोन भोकं पाडून ठेवा आणि परी गार झाल्यावर पंखांच्या तारा अराल्डाइटने आत बसवा. फेव्हिक्विकने आसपास पांढरी धूर आल्यासारखी झाक येते, ते टाळा. केसांना रेशमाची लड उलगडून वापरा, छान पडते.

करवंद:
आभारी आहे सगळ्यांचा. शनिवारी नवा हात करतो. डोळ्यांना चमक यावी म्हणून पारदर्शक नेलपॉलिश चालेल का?

मातीगोटे:
नको, चिकट होऊन बसतं, काही महिन्यांनी त्यावर धूळ चिकटते. पाण्याचं ॲक्रिलिक व्हार्निश घ्या, डोळ्यांवर प्रत्येकी एक थेंब पुरे.