सुपरमार्केटचं चिकन खरंच परवडतं का? हाडं काळी निघाली

फोंडेकर:
मंडळी एक विचारायचंय. रविवारी शागोतीसाठी इथल्या एका सुपरमार्केटातून चिकन आणलं, अर्धा किलो करी कट, वर मोठ्या अक्षरात 'फ्रेश'. घरी फोडलं तर ट्रेमध्ये गुलाबी पाणी आणि खाली तो पॅड असतो ना, तो पिऊन टम्म फुगलेला. बायको म्हणाली तोलून बघा, तोललं, पाणी काढून ४३० ग्रॅम. वर शिजल्यावर हाडं काळपट. शिळं होतं का? सोबत आणलेले उकडे तांदूळ नि सोलं (आमसुलं) मात्र एक नंबर निघाली, म्हणून धड शिव्याही घालता येत नाहीत.

डिचोलीचो झिलगो:
वास नव्हता, बुळबुळीत नव्हतं ना? मग काळ्या हाडांना घाबरू नको. ब्रॉयलर, म्हणजे फार्मवरची कोंबडी, पाच-सहा आठवड्यांतच कापतात, हाडं कोवळी, गोठवलं की आतला मगज बाहेर झिरपतो आणि शिजल्यावर काळा दिसतो. बाधत नाही. पण म्हणजे तुझं 'फ्रेश' बहुतेक एकदा फ्रीज होऊन आलेलं, पाणीपण त्यानेच सुटतं. फ्रोझनला फ्रेशचे पैसे दिलेस, दुखणं ते आहे.

पेडण्याची काकी:
हॉर्मोन फ्री लिहिलेलं असेल तर जास्त पैसे देऊ नकोस हां बाबा, ब्रॉयलरला हॉर्मोन देतच नाहीत, ती जातच भराभर वाढणारी. आमच्याकडे खतखतं (भाज्यांचं कालवण) सोडून सगळ्याला गावठीच लागते, पण हल्ली गावठी म्हणून काय काय गळ्यात मारतात ते देवाला ठाऊक. मी पाय बघते, मोकळी फिरलेली असेल तर नखं झिजलेली असतात. आणि भाजी सुपरमार्केटातून कशाला घेता, गोवा सरकारच्या फलोत्पादन महामंडळाच्या गाड्यावर स्वस्त मिळते, फक्त सकाळी जा, दुपारी उरतो तो नुसता पाला.

हिशोबी:
कोपऱ्यावरचं दुकान स्वस्त वाटतं पण बोर्डावरचा भाव जिवंतचा की साफ केलेल्याचा ते आधी विचार. २ किलोची जिवंत कोंबडी कातडी काढून साफ केली की १३०० ग्रॅमच्या आसपास हातात येते, म्हणजे जिवंतच्या भावाला दीडने गुण आणि मग पॅकेटशी ताड. तुझं पॅकेट पण ५०० ने नाही, ४३० ने भाग. मी दोन्हीकडचं असं काढलं तेव्हा फरक उरला चहाच्या पैशांएवढा, मग आता जिथे पार्किंग मिळेल तिथून घेतो.

फोंडेकर:
बरोबर, आमच्याकडे बोर्ड जिवंतचाच आहे, इतकी वर्षं लक्षातच नाही आलं. काल परत त्याच सुपरमार्केटात गेलो, सात पॅकेटं तिरकी करून पाणी कुठे धावतंय ते बघितलं, पॅकिंगची तारीख वाचली, शेवटी मागच्या रांगेतलं एक उचललं. पोरगी म्हणाली पप्पा चला ना, तो सिक्युरिटीवाला बघतोय.