भाऊ म्हणतो मी वेडी, आणि हक्कसोडपत्रावर सहीही मागतो

तिसरा_मजला (मुलुंड पूर्व)

नमस्कार. कायद्यातलं कळणाऱ्यांनी उत्तर दिलं तर बरं होईल.

मला बायपोलर आहे, म्हणजे मन कधी फार चढतं, कधी फार खाली जातं. लपवत नाही, लपणारही नाही, कारण २००३ साली मी मध्यरात्री गच्चीवर जाऊन टाक्यांचे सगळे व्हॉल्व्ह उघडले होते आणि तो किस्सा अजून दर गणपतीत निघतो. लिथियम चालू आहे, वेळच्या वेळी रक्त तपासते, घरी बसून दोन दुकानांचे जीएसटीचे हिशेब लिहिते. दुकानदारांची आजवर तक्रार नाही.

फ्लॅट आईच्या नावावर. वडील आधीच गेले, आई गेल्या वर्षी. मृत्युपत्र नाही. सोसायटीत नॉमिनेशन धाकट्या भावाच्या नावे. तो खारघरला असतो, मी इथेच आईजवळ राहिले. आता बिल्डिंग पुनर्विकासाला चालली आहे. भाऊ म्हणाला, "ताई, तू हक्कसोडपत्र करून दे, तुला मी सांभाळीनच." मी म्हटलं, नव्या घरावर दोघांची नावं लागू देत. तिथून त्याचा सूर बदलला. सेक्रेटरींना सांगून आला की हिचं डोकं ठिकाणावर नसतं, हिच्याशी काही बोलू नका. मला फोनवर म्हणाला, "फार ताणलंस तर ठाण्याला टाकीन." म्हणजे तिथल्या मनोरुग्णालयात.

आणि दुसऱ्याच दिवशी व्हॉट्सॲपवर वकिलाचा मसुदा पाठवला. त्यात लिहिलंय, "मी राजीखुशीने व अक्कलहुशारीने लिहून देते की..."

आजारामुळे माझा हिस्सा जातो का? तो मला खरंच भरती करू शकतो का? आणि सेक्रेटरी आता "डॉक्टरांचं फिट सर्टिफिकेट आणा" म्हणतात, ते द्यावंच लागेल का?

काळा_कोट_दादर

ताई, भावाला विचारा, तुमचं डोकं ठिकाणावर नसेल तर तुमच्या सहीचं हक्कसोडपत्र घेऊन तो काय करणार? १८७२च्या करार कायद्याचं कलम १२ सांगतं की सही करताना माणसाला व्यवहार समजला पाहिजे. ज्याला समजत नाही त्याचा करार कोर्टात टिकत नाही. तुम्हाला समजत असेल, तर "नाही" म्हणायचा हक्कही तुमचाच. दोन्हीकडून फायदा त्याला मिळणार नाही.

हिश्शाचं म्हणाल तर हिंदू वारसा कायदा, १९५६, कलम २८: कुठल्याही रोगामुळे किंवा व्यंगामुळे वारस अपात्र होत नाही. तुम्ही दोघंच वारस असाल तर अर्धा-अर्धा. नॉमिनेशनने भाऊ मालक होत नाही. सहकारी संस्था कायद्याच्या कलम १५४बी-१३ प्रमाणे वारस ठरेपर्यंत तो हंगामी सभासद.

आता ठाण्याची धमकी. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ हा २९ मे २०१८ पासून लागू आहे. भावाने सांगितलं आणि गाडी आली, असं त्यात नाही. तुमच्या मर्जीविरुद्ध भरती करायची तर कलम ८९: एक मनोविकारतज्ज्ञ आणि दुसरा एक डॉक्टर किंवा मानसिक आरोग्य व्यावसायिक यांनी स्वतंत्रपणे तपासलं पाहिजे आणि स्वतःला इजा, दुसऱ्याला इजा किंवा स्वतःची काळजीच घेता न येणं यातलं काहीतरी दिसलं पाहिजे. या कलमाखाली जास्तीत जास्त ३० दिवस. रुग्ण स्त्री असेल तर ३ दिवसांत मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला कळवावं लागतं, आणि मंडळाकडे तुम्हाला दाद मागता येते.

पण एक गोष्ट या आठवड्यातच करा. ही भरती "नामनिर्देशित प्रतिनिधी"च्या, म्हणजे उपचारांच्या बाबतीत रुग्णाच्या वतीने बोलणाऱ्या माणसाच्या, अर्जावर होते. तुम्ही कोणाला नेमलं नसेल तर नातेवाईक पुढे येतो, म्हणजे बहुधा भाऊच. कलम १४ खाली साध्या कागदावर, तुमच्या सहीने, विश्वासातल्या माणसाला नेमा. त्याची लेखी संमती घ्या. पुढे कधीही बदलता येतं.

निवृत्त_निबंधक_कारकून

व्हॉट्सॲपवरच्या मसुद्याला काडीची किंमत नाही. हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकांसमोर नोंदवावं लागतं, तिथे फोटो आणि अंगठा होतो. तिथपर्यंत नेलं तरी "मला मान्य नाही" म्हणा, नोंदणी थांबते. माझा अनुभव वेगळाच सांगतो: माणसं तिथे फसत नाहीत, आधीच्या कागदांत फसतात. "सोसायटीचा फॉर्म आहे, सही कर" म्हणून कुलमुखत्यारपत्र, म्हणजे तुमच्या वतीने व्यवहार करायचा अधिकार देणारा कागद, पुढे सरकवतात. वाचल्याशिवाय काही नको.

मोठा_भाऊ_बोरिवली

दुसरी बाजू मांडतो, राग मानू नका. माझ्या धाकट्याला स्किझोफ्रेनिया आहे, मीच बघतो. "ठाण्याला टाकीन" हे नीचच आहे. पण तुमची तब्येत वर चढलेली असताना कुणी गोड बोलून घर विकायला लावेल, ही भीती भावाला असेल तर ती खोटी नाही. आमच्याकडे माझ्या भावाने एका रात्रीत तीन मोबाइल हप्त्यावर घेतले होते! दोघांची नावं हाच त्यावरही उपाय, एकट्याला अख्खं घर विकता येत नाही.

आणि काळा कोट साहेब, कायदा कागदावर सुंदर आहे. तो राज्यात नीट लागू व्हावा म्हणून मनोविकारतज्ज्ञ डॉ. हरीश शेट्टींना उच्च न्यायालयात जनहित याचिका करावी लागली, हेही ताईंना सांगा.

तिसरा_मजला

राग कसला. व्हॉल्व्ह मीच उघडले होते. भावाने हे असं बोलून दाखवलं असतं तर मी स्वतः म्हटलं असतं, माझ्या एकटीच्या सहीने विक्री होऊ नये असं लिहून ठेव.

प्रतिनिधी म्हणून मामेबहीण तयार आहे, भांडुपला राहते. सर्टिफिकेटचं मात्र राहिलं.

काळा_कोट_दादर

सोसायटीला द्यायची गरज नाही. मानसिक आरोग्यसेवा कायद्याचं कलम ३ सांगतं की आजाराचं निदान म्हणजे अस्थिरचित्त नव्हे, ते सक्षम कोर्टाने ठरवायचं. सेक्रेटरींनी नव्हे. तुमच्या डॉक्टरांवर गोपनीयतेचं बंधन आहे, भावाचा फोन आला तरी. प्रतिनिधीला मात्र उपचारांपुरती माहिती देता येते, म्हणूनही बहीण बरी. स्वतःसाठी मात्र, बिल्डरच्या करारावर सही कराल त्या सुमाराचं डॉक्टरांचं पत्र घेऊन फायलीत ठेवा. उद्या कोणी करारावर बोट ठेवलं तर कामाला येईल.

बोरिवलीकरांचं खरं आहे, मंडळावर भिस्त ठेवून बसू नका. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात स्त्रियांना वकील मोफत मिळतो, उत्पन्नाची अट नाही. हेल्पलाइन १५१००.

सोसायटीला आजच लिहा: मी वारस आहे, माझ्या लेखी संमतीशिवाय या फ्लॅटचा करार करू नये. एक प्रत बिल्डरला. सोसायटीची प्रत हातोहात द्या आणि तुमच्या प्रतीवर शिक्का व तारीख घ्या. सेक्रेटरी घेत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा, पावती जपून ठेवा.